‘अनधिकृत’ विश्वचषक आणि रद्द झालेला सामना

५ सप्टेंबर १९७१ रोजी मेक्सिको सिटीच्या अझ्टेका स्टेडियममध्ये डेन्मार्क आणि मेक्सिको यांच्यात महिला फुटबॉलच्या विश्वविजेतेपदाचा अंतिम सामना झाला. प्रेक्षकांचा अंदाज एक लाखाच्या वर जातो. डेन्मार्कने ३-० असा विजय मिळवला. तिन्ही गोल सुझान ऑगस्टेसन हिचे, आणि तिचे वय होते १५. मात्र ‘फिफा’च्या नोंदीप्रमाणे महिलांचा पहिला विश्वचषक झाला तो १९९१ मध्ये, चीनमध्ये. मधल्या वीस वर्षांवर एकच शब्द पांघरलेला आहे: ‘अनधिकृत’. या शब्दाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

निमित्त आहे ते रेचल रॅम्से आणि जेम्स अर्स्किन यांच्या ‘कोपा ७१’ या २०२३ च्या माहितीपटाचे. अमेरिकेची विश्वविजेती खेळाडू ब्रँडी चॅस्टेन हिला अझ्टेकावरचे जुने चित्रण दाखवले जाते आणि असे काही घडले होते हे आपल्याला ठाऊकच नव्हते याने ती थक्क होते, अशी त्याची सुरुवात आहे. पुढे त्या वेळच्या खेळाडू, आता सत्तरीच्या आसपास पोचलेल्या, आपापल्या आठवणी सांगतात. चित्रपटाचे खरे बळ या साक्षींत आहे. त्याची मर्यादाही तिथेच सुरू होते. दडपलेल्या इतिहासाची गोष्ट सांगताना एक खलनायक लागतो, आणि तो ‘फिफा’च्या रूपाने सहज सापडतो. एकदा तो सापडला की बाकीचे प्रश्न मागे पडतात.

त्यातला पहिला प्रश्न पैशाचा. ही स्पर्धा समतेच्या ध्येयाने भरवलेली नव्हती. मद्याच्या एका इटालियन कंपनीने पुरस्कृत केलेला तो व्यवहार होता. गोलपोस्टना गुलाबी रंग दिला होता, तोही स्पर्धा ‘बायकांची’ म्हणून विकायची होती यासाठी. स्टेडियम तुडुंब भरत असताना मेक्सिकोच्या खेळाडूंनी अंतिम सामन्यापूर्वी मोबदला मागितला. त्यांच्यावर टीकेची झोड उठली आणि शेवटी त्या काही न घेता मैदानात उतरल्या. चित्रपट हा प्रसंग सांगतो, पण त्यावर पुरेसा थांबत नाही. वास्तविक सर्वांत बोचरा मुद्दा इथेच आहे: संघटनेने त्यांना नाकारले हे खरे, पण ज्यांनी स्वीकारले त्यांनीही कष्टाचे दाम दिले नाहीत.

दुसरा प्रश्न ‘राष्ट्रीय संघ’ या संज्ञेचा. डेन्मार्कचे प्रतिनिधित्व करणारा संघ मुळात एका क्लबचा होता. इंग्लंडचा संघ हॅरी बॅट यांनी जमवलेला. तिथल्या फुटबॉल असोसिएशनने त्याची निवड केलेली नव्हती. तेव्हा या स्पर्धेला अनधिकृत म्हणण्यात तांत्रिक चूक नाही, असा युक्तिवाद होऊ शकतो. तो टाळून चालणार नाही. पण मग विचारायला हवे की, निवड करायची कोणी? १९२० च्या डिसेंबरमध्ये लिव्हरपूलला महिलांच्या एका सामन्याला ५३ हजार प्रेक्षक आले होते. पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर १९२१ रोजी, त्याच असोसिएशनने आपल्या संलग्न क्लबांची मैदाने महिलांना बंद केली. ही बंदी जवळपास पन्नास वर्षे टिकली. दार आतून लावून घ्यायचे आणि बाहेरच्याला ‘तू आत का नव्हतास’ असे विचारायचे, असा हा प्रकार आहे. मेक्सिकोतही संघटनेच्या आडकाठीमुळेच अझ्टेका आणि ग्वादालाहाराचे हालिस्को ही खासगी मालकीची स्टेडियमे वापरावी लागली. परतलेल्या इंग्लिश मुलींवर काही महिन्यांची खेळबंदी आली. त्यांतल्या कित्येकींनी त्या विषयावर पुढे अनेक वर्षे तोंड उघडले नाही.

मराठी वाचकाला ‘अनधिकृत’ हा शब्द बांधकामांमुळे चांगला परिचयाचा आहे. अनधिकृत घरातही माणसे राहतात, तिथे चूल पेटते, मुले वाढतात. आणि एक दिवस शासनाच्या मनात आले की तेच बांधकाम ‘नियमित’ होते. भिंत तीच राहते, बदलतो तो कागद. फुटबॉलमध्येही असे नियमितीकरण झालेले आहे, तेही आपल्या आशियात. १९६८ मध्ये स्थापन झालेला आशियाई महिला फुटबॉल महासंघ मूळ आशियाई महासंघाच्या बाहेरचा होता. त्याने १९७५ मध्ये हाँगकाँगला पहिली आशियाई स्पर्धा भरवली. १९८० च्या जानेवारीत तिसरी स्पर्धा केरळात कोझिकोडला झाली. यजमान भारताने दोन संघ उतरवले. त्यांतला एक अंतिम फेरीत तैवानच्या संघाकडून हरला. १९८३ मध्ये बँकॉकलाही भारत उपविजेता ठरला. १९८६ मध्ये तो महासंघ मूळ संघटनेत सामील झाला, आणि या जुन्या स्पर्धा आज आशिया चषकाच्या अधिकृत इतिहासात मोजल्या जातात. म्हणजे जे आशियाला जमले ते ‘फिफा’ला अशक्य नव्हते. शिवाय १९९१ च्या स्पर्धेला सुरुवातीला ‘विश्वचषक’ हे नावही नव्हते आणि सामने ८० मिनिटांचे होते. ते नाव तिला नंतर मिळाले. एका स्पर्धेला मागाहून नाव देता येते, मग दुसरीला का नाही?

या चर्चेची दुसरी बाजू आपल्या दारात घडली. २०२२ चा महिला आशिया चषक नवी मुंबई, मुंबई आणि पुणे इथे झाला. २० जानेवारीला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये भारत आणि प्रथमच पात्र ठरलेला इराण यांच्यात गोलशून्य बरोबरी झाली. तीन दिवसांनी करोनाच्या लागणीमुळे भारताला तैवानविरुद्ध किमान १३ खेळाडूही उभे करता आले नाहीत. नियमानुसार भारताने माघार घेतली असे धरले गेले आणि आधीचा सामनाही रद्दबातल ठरला. इराणने या स्पर्धेत मिळवलेला पहिलावहिला गुण गुणतक्त्यातून पुसला गेला. ६ फेब्रुवारीला त्याच मैदानावर चीनने दक्षिण कोरियाविरुद्ध ०-२ अशी पिछाडी भरून काढत ३-२ असा विजय मिळवला, तो मात्र नोंदीत राहिला.

इथे कुणाचा दुष्ट हेतू नव्हता. नियम सर्वांना सारखा होता. म्हणूनच हे उदाहरण अधिक बोलके आहे. मेक्सिकोत संघटनेने परवानगी दिली नव्हती म्हणून खेळलेले मोजले गेले नाही. नवी मुंबईत सगळी परवानगी होती, तरी खेळलेले मोजले गेले नाही. ‘अधिकृत’ हा शब्द घडलेल्या गोष्टीविषयी काहीच सांगत नाही. नोंदवही कोणाच्या हातात आहे, एवढेच तो सांगतो. संघटनेला नोंदवही लागते, हे मान्यच. प्रश्न अभ्यासकांचा, समीक्षकांचा आणि क्रीडापत्रकारांचा आहे. आपण ती नोंदवही म्हणजेच इतिहास समजून ‘पहिला विश्वचषक, १९९१’ असे लिहीत राहतो. ‘कोपा ७१’ ने मेक्सिकोच्या खेळाडूंना निदान उतारवयात बोलते केले. १९८० मध्ये कोझिकोडला अंतिम सामना खेळलेल्या आपल्या खेळाडूही आता त्याच वयाच्या होत चालल्या आहेत. त्यांच्याकडे कॅमेरा किंवा वही घेऊन जाणाऱ्याला कोणत्याही संघटनेच्या परवानगीची गरज नाही.