पितळी देव: घडवणारे हात आणि घासणारे हात

अमेरिकेत पहिलं अपार्टमेंट घेतलं की आपल्यापैकी बरेच जण ऑनलाइन देव शोधतात. 'हँडक्राफ्टेड ब्रास, अँटिक फिनिश, बारा इंच.' मीही असाच एक बाळकृष्ण मागवला होता. दिवाळीच्या आधी, आईने फोनवर सांगितलं तसं, चिंच लावून घासला. काळपट रंग ठिकठिकाणी निघाला आणि देवाच्या अंगावर चट्टे उमटले. मग खोक्यातला कागद वाचला: फक्त कोरड्या कपड्याने पुसा.

आधी 'हँडक्राफ्टेड' हा शब्द बघू. तो खोटा नाही. अलीगढ, मुरादाबादकडचं पितळकाम बहुतेक वाळूच्या साच्यात ओततात. कानशीने घासणं, छिन्नीने बारकावे काढणं हे पुढचं काम हाताचंच. तमिळनाडूतल्या स्वामीमलैला मेणाची मूर्ती करून, तिच्यावर माती लिंपून, मेण वितळवून तिथे धातू ओततात. ही पद्धत बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' ग्रंथातही आहे. पण जाहिरातीत या दोन्ही कामांना एकच शब्द, आणि हात कुणाचे ते कधीच नसतं.

माझा खरा आक्षेप मात्र अँटिक फिनिशवर आहे. या मूर्ती खोबणीत काळ्या आणि उंचवट्यावर उजळ असतात. असा उजळपणा येतो रोजच्या हाताळण्यातून, पुसण्यातून. कारखान्यात तो रसायनाने आणि पॉलिशने काही तासांत आणतात, वर बऱ्याचदा लॅकर चढवतात. म्हणजे वर्षानुवर्षं हात फिरल्याचा देखावा विकायचा, आणि तुमचा हात मात्र फिरू द्यायचा नाही!

मापाचंही तसंच. घरातली मूर्ती अंगठ्याच्या पेरापासून वितीपर्यंत असावी, असं मत्स्यपुराण सांगतं. त्यामागचं कारण काही असो, सोय उघड आहे: तेवढा देव तळहातावर मावतो, ताम्हनात बसतो, आंघोळ घालता येते. दोन फुटी गणपती ताम्हनात कसा बसणार? तो कन्सोल टेबलावरच शोभतो.

वॉशिंग्टनच्या सॅकलर गॅलरीत 1996 मध्ये 'पूजा' नावाचं प्रदर्शन सुरू झालं. त्याची मांडणीच देऊळ, घर आणि उघड्यावरचं पूजास्थान अशी होती. मूर्ती वापरात कशी असते हे संग्रहालयाला मुद्दाम समजावून सांगावं लागलं, कारण काचेआड ते दिसत नाही. आता आपण आपल्या घरातच काच आणतोय, फक्त ती लॅकरची आहे.

आमच्याकडे आईची अन्नपूर्णा आहे. लग्नात गौरीहरापाशी तिने पुजली ती हीच, आणि हीच घेऊन ती सासरी आली. तिच्या आधी ती आजीच्या माहेरची. अन्नपूर्णेचं नाक जवळजवळ गेलंय, डोळे बोटालाच कळतात. दुकानात तिला कुणी विचारणार नाही. पण तीन बायकांनी तिला चिंचेने घासलंय, ते त्या चेहऱ्यावर दिसतं.

म्हणून देव घेताना दोनच प्रश्न विचारा: लॅकर आहे का, आणि तळहातावर मावेल का? मग घासायला लागा. नाक झिजायला वेळ लागतो.