जुना पडदा कधी उतरवावा?

भोकरदन तालुक्यातल्या धावडा गावी आम्ही एका शिक्षकांच्या आग्रहावरून गेलो होतो. शाळेच्या संगणक खोलीत सात यंत्रे, त्यांपैकी पाच चालू, सगळ्यांवर लिनक्स. सरांचा प्रश्न साधा होता : नव्या आवृत्तीत ‘एक्स’ काढून टाकले आहे म्हणतात, मग ती आम्ही घालावी की नाही? आम्ही पटकन ‘घाला’ म्हणून मोकळे झालो. परतीच्या वाटेवर ते उत्तर घाईचे वाटू लागले.

एक्स म्हणजे पडदा, कळफलक आणि माउस यांचा ताबा असलेला कारभारी. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९८४ साली त्याचा जन्म झाला आणि १९८७ साली आलेली त्याची अकरावी आवृत्ती अजून वापरात आहे. प्रोग्रॅमने त्याला सांगायचे, इथे रेघ काढ, तिथे अक्षर काढ. त्या काळी संगणक एका खोलीत आणि पडदा दुसऱ्या खोलीत असे. मधल्या तारेतून एवढे निरोप पाठवणे स्वस्त पडे. पुढे प्रोग्रॅम आपले चित्र आपणच काढू लागले. आपल्या मराठीचेच पहा ना. एक्सच्या मूळ अक्षरव्यवस्थेत एका क्रमांकाला एक आकृती. ‘कि’ची वेलांटी उच्चारात नंतर पण लिहिताना आधी, ‘क्ष’मध्ये दोन व्यंजनांची मिळून एकच आकृती, हे तिला कधी जमलेच नाही. ते काम वरच्या थरातल्या पँगो, हार्फबझ या प्रोग्रॅमनी केले. कारभाऱ्याकडे उरली ती तयार चित्रांची ने-आण. २००८ साली सुरू झालेल्या वेलँडने हा हेलपाटा वाचवला. प्रोग्रॅम आपले चित्र स्मृतीत तयार ठेवतो आणि खिडक्या जुळवणारा प्रोग्रॅमच ते थेट पडद्यावर मांडतो.

एक्सचा खरा दोष मात्र वेगळाच आहे, आणि तो वर्गात दाखवता येतो. उबुंटू २४.०४ मध्ये प्रवेश करताना दातेरी चाकावर टिचकी मारून ‘झॉर्ग’ निवडा आणि ‘एक्सआइज’ हा छोटा प्रोग्रॅम चालवा. पडद्यावर दोन डोळे येतात. माउसचा बाण कुठेही न्या, बुबुळे त्याच्यामागे फिरतात. मुलांना मोठी गंमत वाटते. आता विचारा : बाण दुसऱ्याच प्रोग्रॅमच्या खिडकीत असताना या डोळ्यांना कसे कळले? एक्समध्ये सगळ्यांना सगळे दिसते म्हणून. बाण दिसतो तशा तुम्ही दाबलेल्या कळाही दिसतात, अगदी दुसऱ्या खिडकीत टाइप केलेला पासवर्डसुद्धा. वेलँडमध्ये हाच प्रयोग करा. बाण वेलँडच्या एखाद्या खिडकीवर गेला की डोळे जागीच थिजतात.

मग एक्स काढलेलेच बरे, नाही का? इथेच आमचा आक्षेप आहे. ज्या उघड्या दारातून चोर येऊ शकतो, त्याच दारातून अंध माणसाचा मदतनीसही येत होता. ऑर्का हा पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम. कुठल्याही खिडकीत असताना ठरावीक कळा दाबल्या की त्याने ओळखले पाहिजे, आणि वेलँड तर कळा लपवते. नोव्हेंबर २०१६ च्या फेडोरा २५ मध्ये वेलँड ही नेहमीची निवड झाली. ऑर्काच्या कळांची ही अडचण दूर करणारी सोय ग्नोम ४८ मध्ये आली, मार्च २०२५ ला. त्यानंतर सहाच महिन्यांत ग्नोम ४९ ने एक्सचा पर्याय मुळातून बंद ठेवला, आणि ऑक्टोबरमध्ये फेडोरा ४३ व उबुंटू २५.१० यांच्या ग्नोममधून तो गेला. मधली साडेआठ वर्षे एक्स सांभाळले, याबद्दल आभारच. पण खेड्यातली शाळा आपली यंत्रे सहा महिन्यांनी बदलत नाही. एखाद्या अंध शिक्षकाला नवी सोय तपासून, त्रुटी कळवून, ती दुरुस्त होईपर्यंत थांबायला सहा महिने कसे पुरावेत?

दुसऱ्या बाजूचेही आम्हाला पटत नाही. एक्स कायम ठेवा म्हणणाऱ्यांपैकी किती जण त्याची दुरुस्ती करायला बसतात? जुना प्रोग्रॅम नव्या पडद्यावर चालवणारा एक्सवेलँड नावाचा दुभाषा आहेच, आणि तो अजून दिला जातो.

दुभाषा नसेल तर काय होते हे आपण मराठी माणसांनी भोगले आहे. पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड यंत्रात बसवले की डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटे. पुढे विंडोजवर असे फाँट आले, की रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले. तो फाँट नसलेल्या यंत्रावर तीच फाइल उघडा, प्रश्नपत्रिकेच्या जागी रोमन अक्षरांचा काला दिसतो. युनिकोड आल्यावरही कित्येक कार्यालये जुन्या फाँटना चिकटून राहिली, ती निव्वळ आळसापायी नव्हे. जुन्या फायलींचे रूपांतर कोण करणार, हा प्रश्न होता.

आमच्या मते मुदत नव्या यंत्रणेच्या जन्मापासून मोजू नये. अडलेली शेवटची गरज ज्या दिवशी भागली, त्या दिवसापासून मोजावी, आणि दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या एका आवृत्तीचे पूर्ण आयुष्य एवढी तरी ती असावी. रेड हॅटने मे २०२५ मध्ये एंटरप्राइझ लिनक्स १० मधून झॉर्ग वगळले, तरी नववी आवृत्ती २०३२ पर्यंत सांभाळायचे ठरवले आहे. मोठ्या कंपन्यांना जेवढा अवधी मिळतो तेवढा शाळेला का मिळू नये?

सरांना आम्ही आता पत्र लिहिले आहे. उबुंटू २४.०४ ची नेहमीची मुदत २०२९ पर्यंत आहे, म्हणून चार यंत्रे आहेत तशीच ठेवा. पाचव्यावर नवी आवृत्ती घाला. इन्स्क्रिप्टचे तक्ते दोन्हीकडे तेच आहेत. पण मुले रोमन कळांनी मराठी लिहीत असतील तर ते चालते का, ऑर्का बोलतो का, प्रोजेक्टर लागतो का, हे महिनाभर पाहा. यंत्र फारच जुने असेल तर डेबियन १३ वर एक्सएफसीई घाला, तिथे एक्स अजून आहे. आणि डोळ्यांचा प्रयोग मुलांना जरूर दाखवा.