संवेदक, अल्गोरिदम आणि मराठवाडा : पीएच.डी.नंतरच्या संशोधनसंधींची चिकित्सा

संवेदक तंत्रज्ञान व अल्गोरिदम या क्षेत्रांत पीएच.डी.नंतर कोणत्या संधी आहेत, हा प्रश्न निघाला की आपल्या महाविद्यालयांतील चर्चा बहुधा परदेशी विद्यापीठांकडे वळते. कंधारहून पाहता ही दृष्टी अपुरी ठरते. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ परिसरात, लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह अंतिम मान्यता दिली. म्हणजेच स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातच एक अतिसंवेदनशील मापनयंत्र येत आहे. त्यावर संशोधन करणाऱ्यांत या विद्यापीठाचे पदवीधर किती असतील?

या यंत्राच्या परस्परांना लंब असलेल्या दोन भुजा प्रत्येकी ४ कि.मी. लांबीच्या असतात. गुरुत्वीय लहर जाताना त्यांच्या लांबीत पडणारा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असू शकतो. साहजिकच संवेदकाला लहरीपेक्षा गोंगाटच अधिक 'ऐकू' येतो. त्यातून संकेत वेगळा काढण्यासाठी अपेक्षित लहरींचे असंख्य गणिती नमुने तयार करून ते नोंदींशी ताडून पाहावे लागतात. हे नमुने किती व कसे निवडावेत, याची मांडणी पुण्याच्या 'आयुका' या संस्थेतील संजीव धुरंधर यांनी बी. एस. सत्यप्रकाश यांच्यासह १९९१ च्या शोधनिबंधात केली. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील दोन वेधशाळांनी टिपलेल्या पहिल्या संकेताची विश्वसनीयता ठरविताना नमुने ताडण्याची ही पद्धत मोलाची ठरली. १९९१ मध्ये भारतात अशी वेधशाळा नव्हती, हे येथे मुद्दाम नोंदविले पाहिजे.

औंढ्याचे बांधकाम पूर्ण झाल्यावर पाहू, ही भूमिका म्हणूनच मान्य करता येत नाही. लायगोच्या निरीक्षणांच्या नोंदी ठरावीक अवधीनंतर सर्वांसाठी खुल्या केल्या जातात. संगणक व गणिताची तयारी असल्यास नांदेड-लातूरमध्येही त्यांवर काम होऊ शकते. विषयही आपल्या मातीतलाच आहे. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप आणि मार्च २०२४ मध्ये हिंगोली परिसरात जाणवलेले धक्के लक्षात घेता, भूकंपमापकांच्या नोंदींवरून जमिनीच्या कंपनांचा गोंगाट ओळखून वजा करणारे अल्गोरिदम हा येथील पदार्थविज्ञान, भूशास्त्र व संगणकशास्त्र या विभागांना एकत्र आणणारा विषय आहे.

अडचण नियमांत आहे. राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप २०२३ च्या कायद्यानंतर अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाकडे आली. तिला ३५ वर्षांची वयोमर्यादा असून महिला, दिव्यांग व राखीव प्रवर्गांना ५ वर्षांची सवलत आहे. ग्रामीण महाविद्यालयात अध्यापन करीत चाळिशीत पीएच.डी. होणारा प्राध्यापक या योजनेच्या कल्पनेतच नाही. युरोपीय संघाच्या मारी क्युरी फेलोशिपमध्ये वय विचारलेच जात नाही, पीएच.डी.नंतरची ८ वर्षे मोजली जातात व संशोधनाबाहेर गेलेला काळ त्यातून वगळला जातो. औंढ्यासाठी मनुष्यबळ घडवावयाचे असेल, तर निदान या प्रकल्पाशी निगडित फेलोशिपसाठी हाच हिशेब लावता येईल आणि विद्यापीठाने अशा प्राध्यापकांना दोन वर्षांची सवेतन रजा द्यावी.