दर्शनबारी, फळमाशी आणि एक जड क्रियापद

पेट निघाली, गाईड ठरले, आणि पहिल्याच भेटीत त्यांनी सांगितलं, "एक पेपर टीकात्मक वाचून या." टीकात्मक म्हणजे नेमकं काय, हे मात्र कुणी सांगत नाही. मी पहिल्या वेळी पेपरचा गोषवारा मराठीत उतरवून नेला होता. पुढचं सांगत नाही.

तर आज एक खराखुरा पेपर घेऊन बसू. 2021 साली 'आयसायन्स' या नियतकालिकात आलेला, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून निघालेला. पहिल्या लेखिका पूर्णा गद्रे, प्रयोगशाळा कृशानु रे यांची, आणि लेखकांत नितीन नितसुरे हे चक्क गणितज्ञ. शीर्षकाचा आशय असा: मूलपेशी (स्टेम सेल) किती वेगाने विभागते, यावर तिच्या पुढच्या वंशाच्या पेशीचक्रांची लांबी ठरते. हे 'ठरते' लक्षात ठेवा. माझं भांडण त्याच्याशी आहे.

आधी थोडं जीवशास्त्र. केळी जास्त पिकली की भोवती जी चिलटं जमतात, त्यांतलीच ही फळमाशी. नराच्या वृषणाच्या टोकाला हब नावाचा पेशींचा छोटा पुंजका असतो आणि त्याला मूलपेशी चिकटलेल्या असतात. मूलपेशी विभागली की एक लेक हबपाशी मूलपेशी म्हणूनच राहते, दुसरी बाजूला सरकते. तिला दोन कायिक पेशी कवेत घेतात, म्हणजे झाली सिस्ट. सिस्टच्या आत ती चार वेळा विभागते: 2, 4, 8, 16. गंमत अशी की विभाजन पूर्ण तुटत नाही. पेशी बारीक वलयांनी जोडलेल्या राहतात आणि म्हणून एका सिस्टमधल्या सगळ्या एकदमच विभागतात. सोळा झाल्या की थांबतात, आकारमानाने सुमारे 25 पट वाढतात, मग मायोसिस होऊन 64 शुक्राणुपेशी. (नर फळमाशीच्या मायोसिसमध्ये क्रॉसिंग ओव्हर होत नाही. नेटवाल्यांनी हे पाठच करून ठेवा.)

प्रश्न असा की या चार विभाजनांतल्या प्रत्येक टप्प्याला किती वेळ लागतो? शरीराबाहेर काढलेलं वृषण सूक्ष्मदर्शकाखाली फार काळ नीट जगत नाही. मग यांनी काय केलं? ऊतक गोठवावं तसं स्थिर केलं, रंगवलं आणि कोणत्या टप्प्यात किती आहेत ते मोजलं. नुसत्या मोजणीवरून वेळ काढला.

हे कसं जमतं ते मला आमच्या पोखर्णीत कळलं, नृसिंहाच्या देवळात. गर्दीच्या दिवशी दर्शनबारीचा एक फोटो काढा. मंडपात 40 माणसं आणि गाभाऱ्यात 5 दिसली, तर माणूस मंडपात गाभाऱ्याच्या आठपट वेळ थांबतो. अट एवढीच की बारी एकसारखी सरकत असावी आणि मधूनच कुणी कंटाळून घरी जाऊ नये. वृषणात काही सिस्ट वाटेतच मरतात, म्हणजे कंटाळून घरी जाणारे तिथेही आहेत. त्यांचा हिशेब धरावाच लागतो. आणि मोजायच्या त्या सिस्ट, पेशी नाहीत. मी सुरुवातीला पेशी मोजल्या होत्या, आणि आठ पेशींचा टप्पा भलताच लांब निघाला होता!

या पद्धतीतून त्यांना दिसलं की पहिल्या विभाजनानंतर पेशीचा काळ सुमारे 1.3 पट लांबतो आणि पुढच्या विभाजनांत जवळपास निम्म्यावर येतो. मला पेपरचा हा भाग फार आवडतो. महागडं लाइव्ह इमेजिंग नसलेल्या कॉलेजातही असा प्रश्न विचारता येतो, याचा हा पुरावा आहे.

आता टीका. पेपरचे दोन निष्कर्ष शेजारी ठेवा. एक, मूलपेशीचा काळ बदलला की पुढच्या टप्प्यांचे काळही त्यानुसार बदलतात. दोन, मूलपेशीचा काळ जवळपास दुप्पट इकडेतिकडे झाला तरी ऊतकाच्या घडणीवर फारसा परिणाम होत नाही. वाचताना वाटतं, वा, दोन शोध! पण बारीत परत या. दार निम्म्या वेगाने उघडलं आणि मंडप, गाभारा सगळीकडेच माणसं दुप्पट थांबू लागली, तर फोटो हुबेहूब तोच येईल. उलटही खरं. दार मंदावूनही फोटो तोच आला, तर पुढचे सगळे टप्पे त्याच प्रमाणात मंदावले असणार, कारण आपण वेळ काढतोय त्याच फोटोवरून. म्हणजे हे दोन वेगळे पुरावे नाहीत, एकाच समीकरणाच्या दोन बाजू आहेत. फोटोतून फक्त प्रमाण मिळतं. मिनिटं-तास काढायचे तर एखादा काळ वेगळा, स्वतंत्रपणे मोजलेला लागतो, उदाहरणार्थ प्रत्यक्ष विभाजनाला लागणारा वेळ. असा पेपर हातात आला की हे घड्याळ आधी शोधा: ते कशावर मोजलं, आणि बदललेल्या माशांमध्येही पुन्हा मोजलं का.

दुसरा मुद्दा त्या क्रियापदाचा. मूलपेशीचा वेग बदलायला पेशीचक्राच्या जनुकांत ढवळाढवळ करावी लागते, आणि ती फक्त मूलपेशीत करणं महाकठीण. या कामात नेहमी वापरला जाणारा नॅनोस-गॅल४ हा चालक मूलपेशीपाशी थांबत नाही, तिच्या लेकींत आणि सुरुवातीच्या सिस्टमध्येही चालतो. मग पुढच्या पेशींचा वेग आईमुळे बदलला, की आपणच त्यांच्यातही हात घातला म्हणून? 'ठरते' म्हणायला पहिली शक्यता सिद्ध झाली पाहिजे. 'सोबत बदलते' एवढं म्हटलं असतं तर मी काहीच बोललो नसतो.

उद्या गाईडकडे जाताना दुसऱ्या शक्यतेला वगळणारा एक प्रयोग कागदावर काढून न्या. मी काढलेला असा होता: चालक उशिरा, सिस्ट बनल्यानंतरच चालू करायचा, मूलपेशीला हातच लावायचा नाही, आणि पुढचे टप्पे एकटे वेग बदलतात का ते बघायचं. गाईडनी त्यात लगेच दोन चुका काढल्या. त्या तुम्ही शोधा.