नाव नसलेला प्राणी : ‘फ्रँकेन्स्टाइन’चे एक वाचन

मेरी शेली यांची ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही कादंबरी १८१८ साली लंडन येथे लेखिकेच्या नावाविना प्रसिद्ध झाली. विज्ञानकथेचा आरंभ अनेक समीक्षक तिच्यापासूनच मानतात. आपल्या प्रवचनांतून तिचा उल्लेख झालाच, तर तो बहुधा एकाच बोधासाठी होतो : मनुष्याने उत्पन्नकर्त्याच्या अधिकारात हात घालू नये. हा बोध खोटा नव्हे. परंतु तो अपुरा आहे, असे आम्हांस वाटते.

कथेचा नायक व्हिक्टर हा प्रथम एक विद्यार्थी आहे, याचा आपणांस विसर पडतो. आईच्या मृत्यूचे दुःख ताजे असतानाच, वयाच्या सतराव्या वर्षी, तो जिनिव्हा सोडून इंगोलश्टाट येथील विद्यापीठात येतो. त्या परक्या नगरात त्याचे कोणी नाही. विद्येत तो झपाट्याने पुढे जातो. मात्र दोन वर्षे घरी फिरकत नाही, आणि पुढे पत्रेही थांबतात. पत्रे थांबली तर इतर कर्तव्येही सुटली असे समजेन, असे पित्याने बजावले होते. ते शब्द त्याला आठवतात, तरी लेखणी उचलवत नाही. ‘मी कोण?’ याचे उत्तर तो स्वतःच्या हातांच्या कृतीत शोधू लागतो. अखेर ती कृती डोळे उघडते, आणि निर्माता घाबरून पळ काढतो.

त्या प्राण्याला शेवटपर्यंत नाव मिळत नाही. एका कुटुंबाच्या भिंतीआड लपून तो भाषा शिकतो, मिल्टनचे महाकाव्य वाचतो आणि आदामाशी स्वतःची तुलना करतो. आपल्या जन्माची हकिकत त्याला निर्मात्याच्या टिपणांतून कळते. विद्या मिळाली, परंतु हाक मारणारे कोणी मिळाले नाही. त्याच्याशी मायेने बोलतो तो एक आंधळा वृद्ध. ज्यांना डोळे आहेत ते त्याला मारून हाकलतात.

म्हणून तो केवळ दयेस पात्र ठरतो काय? लेखिका तसे म्हणू देत नाही. तो निष्पाप बालकाची हत्या करतो, आणि अखेरीस स्वतःच स्वतःला दोषी ठरवितो. एकाकीपणाने पापाचा उलगडा होतो, त्याची क्षमा होत नाही.

तथापि पहिली चूक निर्मितीची की त्यागाची, हा प्रश्न उरतोच. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव मनुष्याच्या एकटेपणाची दखल घेतो, आणि तीही पतनापूर्वी. यशयाच्या त्रेचाळिसाव्या अध्यायात उत्पन्नकर्ता आपल्या लोकांना नावाने हाक मारतो. मनुष्याची ओळख त्याच्या कर्तृत्वातून नव्हे, तर या हाकेतून उगवते.

आपल्या मंडळ्यांतील मुले दूरच्या शहरांत वसतिगृहांत राहतात. त्यांच्या गुणांची चौकशी आपण करतो. विज्ञानाचे भय त्यांना घालण्यापूर्वी, गेल्या महिन्यात आपण त्यांतील किती जणांना नावाने पत्र लिहिले, हे प्रत्येक पाळकाने व धर्मशिक्षकाने स्वतःला विचारावे.