इंजिनाचा आवाज म्हणजे गोंगाट नव्हे

जुन्या स्पोर्ट्स कारच्या शौकिनांना आवडता व्हिडिओ विचारा, आठ मिनिटांच्या एका फ्रेंच लघुपटाचं नाव हमखास येईल. क्लोद ललूशचा 'सेतेत अँ राँदेव्हू', १९७६ सालचा. पहाटेचं पॅरिस, गाडीच्या पुढच्या बाजूला लावलेला कॅमेरा, एकही कट नाही. लाल सिग्नल तोडत, कबुतरं उडवत गाडी माँमार्त्रच्या टेकडीवर पोचते. गाडी आपल्याला दिसत नाही. दिसतो फक्त रस्ता, आणि कानावर पडतं फेरारीचं इंजिन.

पण त्या रस्त्यावर फेरारी नव्हतीच. ललूशने चालवली होती स्वतःची मर्सिडीज ४५०एसईएल ६.९, तीन गिअरची ऑटोमॅटिक. फेरारी २७५ जीटीबीचा आवाज नंतर चढवला. पुढे हे त्यानेच सांगितलं.

सिनेमा म्हणून मला हा लघुपट अजूनही थरारक वाटतो. सिनेमाने आवाज उसना घेऊ नये असं मी म्हणणार नाही. पण नोंद म्हणून पाहिलं तर गंमत होते. रस्ता खरा, आवाजही खऱ्या गाडीचा. दोन्ही एकत्र आले की मात्र खोटे. आणि नेमकी हीच खोड आजच्या क्लासिक कारच्या व्हिडिओंना लागली आहे.

या व्हिडिओंचा साचा तुम्हाला पाठ असेल. ड्रोनमधून घाटरस्ता, कातडी हातमोज्यांचा क्लोजअप, हळुवार पियानो, आणि मालकाचं बालपण. 'पेट्रोलिशस' या अमेरिकी चॅनलने ही शैली रूढ केली. त्यांचे चांगले भाग खरंच चांगले आहेत; मध्येच संगीत थांबवून ते गाडीला बोलू देतात. नकल करणाऱ्यांनी मात्र संगीत तेवढं उचललं, थांबणं सोडून दिलं. व्हिडिओ संपल्यावर मालक किती भावुक आहे आणि गाडीची किंमत किती, हे आपल्याला कळतं. तिचा क्लच किती जड आहे, थंड इंजिन सुरू करताना काय करावं लागतं, यातलं काही कळत नाही.

आता याच्या उलट टोकाचं उदाहरण. स्टीव्ह मॅक्वीनचा 'ल माँ' १९७१ साली आला तेव्हा 'याला कथाच नाही' अशी तक्रार झाली, आणि ती खरी होती. पण त्यासाठी केलेलं चित्रण पाहा. १९७०च्या ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत त्यांनी कॅमेरे बसवलेली पोर्श ९०८ चक्क स्पर्धक म्हणून उतरवली. हर्बर्ट लिंग आणि जोनाथन विल्यम्स ती चालवत होते, आणि फिल्मची रिळं बदलायला तिला पुन्हा पुन्हा पिटमध्ये यावं लागत होतं. सिनेमात खोटेपणाही आहे. अपघाताच्या दृश्यांत जुन्या लोला गाड्यांना पोर्श-फेरारीचे कपडे चढवून फोडलंय. तरी ओल्या रस्त्यावरून धावणारी ९१७ पाहताना त्या काळाचा पुरावा आपल्या हाती लागतो. कथेने दगा दिला, नोंद टिकली.

आणि तिसरं उदाहरण, माझ्या मते सगळ्यात मोलाचं: फिलाडेल्फियातलं सिमिओन संग्रहालय. फ्रेडरिक सिमिओन पेशाने मेंदूचे शल्यविशारद. शर्यतीच्या गाड्या जमवताना त्यांचा आग्रह एकच होता, की गाडी नव्यासारखी चकाचक करू नका. मूळ रंग, मूळ ओरखडे राहू द्या. त्यांच्याकडची शेल्बी कोब्रा डेटोना कूप ही १९६४ची गाडी. अशा फक्त सहा बनल्या. २०१४ साली अमेरिकेच्या ऐतिहासिक वाहनांच्या राष्ट्रीय नोंदवहीत पहिला मान तिला मिळाला. तिची रेखाचित्रं, छायाचित्रं, लेखी इतिहास, सगळं रीतसर तयार झालं. त्या रेखाचित्रांवरून उद्या कुणी तिचा पत्रा हुबेहूब ठोकून काढेल. पण चार वेबर कार्ब्युरेटरचं ४.७ लिटरचं व्ही-८ इंजिन आयडलिंगला कसं अडखळतं, हे कागद सांगू शकत नाही.

ते संग्रहालयाच्या व्हिडिओंतून कळतं. ठरावीक दिवशी गाड्या मागच्या मोकळ्या जागेत आणून चालवतात. त्याआधी सिमिओन साध्या शब्दांत गाडीचा इतिहास सांगायचे: कुठे धावली, का जिंकली, का हरली. कॅमेरा बहुधा स्थिर, प्रकाश बेताचा. शैली म्हणावी असं काही नाही. २०२२ साली सिमिओन गेले. आता या साध्या व्हिडिओंचं वजन वाढलंय. गाडी शिल्लक आहे, कागदपत्रं आहेत. ते सगळं जोडून सांगणारा माणूस मात्र फक्त चित्रफितीत उरलाय.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणून एक तांत्रिक मुद्दा. आपल्या फोनमधलं आवाज स्वच्छ करणारं सॉफ्टवेअर माणसाचं बोलणं उठावदार करायला बनवलेलं असतं. बोलण्यामागचा सततचा घरघराट त्याच्या लेखी कचरा. वर मोठा आवाज दाबायचा, बारीक उचलायचा, हेही ते आपोआप करतं. म्हणजे इंजिनाचं चढणं-उतरणं, जे टिपायला आपण फोन काढला, तेच सपाट होऊन जातं. उरलंसुरलं आपण रीलवर गाणं टाकून पुसतो. ललूशने निदान फेरारीचा आवाज टाकला होता.

जुनी गाडी काचेमागे ठेवली की ती शिल्प होते. तिचं यंत्रपण फक्त चालताना असतं, आणि दर वर्षी ती चालवणारे, दुरुस्त करणारे हात कमी होताहेत. पेट्रोल बदलतंय, सुटे भाग नव्याने घडवावे लागताहेत. म्हणून या व्हिडिओंकडे पाहताना मी हल्ली तीन गोष्टी तपासतो. नेमकी कुठली गाडी, चॅसिस नंबरासकट सांगितलंय का? तिच्यात मूळचं काय आणि बदललेलं काय, हे दाखवलंय का? आणि ऐकू येतोय तो आवाज त्याच गाडीचा, त्याच क्षणाचा आहे का?

या तिन्हींना हो म्हणता येईल असा व्हिडिओ कंटाळवाणा असला तरी चालेल. पन्नास वर्षांनी एखादा मेकॅनिक तो हेडफोन लावून ऐकेल आणि कार्ब्युरेटरचा स्क्रू अर्धा आटा मागे घेईल.