वंशवृक्ष कसा वाचावा

दिवाळीची झाडलोट करताना दरवर्षी मालवणच्या आमच्या घरातल्या फडताळातून एक जाडजूड ग्रंथ बाहेर निघतो, उन्हात पडतो आणि पुन्हा आत जातो. तो आमचा कुलवृत्तांत. ग्रंथ म्हणून त्याची चिकित्सा कोणी केल्याचे ऐकिवात नाही; कारण त्यात आपले नाव शोधून ते सापडले, की वाचकाचे समाधान होते. यंदा मात्र मी तो समीक्षकाच्या नजरेने वाचला. तसे करण्यास कारण घडले. ते पुढे सांगतो.

प्रथम गुण सांगितले पाहिजेत. संपादकांनी गावोगाव हिंडून, जुने कागद पाहून, बखळीत राहणाऱ्या म्हाताऱ्यांना बोलते करून हा संसार जमवला. त्यांच्या श्रमांना तोड नाही. पण ग्रंथाच्या शेवटी जो घडीचा मोठा वंशवृक्ष जोडला आहे, तिथे मला थांबावे लागले. बुंध्याशी मूळपुरुष, वर फांद्या आणि अगदी शेंड्यावर, सोनेरी चौकटीत, ज्यांनी छपाईचा खर्च सोसला ते गृहस्थ! चित्र पाहणाऱ्याला वाटावे, की सारे कूळ खपले ते यांच्यासाठीच.

हा दोष आमच्या संपादकांचा एकट्यांचा नव्हे. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ एर्न्स्ट हेकेल याने 1874 च्या आपल्या ग्रंथात सजीवांचा असाच एक झाडोरा काढला. खाली सूक्ष्म जीव, मध्ये मासे-बेडूक आणि टोकाला माणूस. झाड म्हणून काढले खरे, पण ती शिडीच होती. त्याच्या पंधरा वर्षे आधी, 1859 साली, डार्विनने आपल्या मोठ्या ग्रंथात एकच आकृती छापली होती. तिच्यात ना पाने, ना फुले. तळाशी अकरा जाती, अक्षरांनी दाखवलेल्या. त्यांतून निघालेल्या तुटक रेघा. बहुतेक मध्येच संपलेल्या. चौदाव्या आडव्या रेघेवर पोचेपर्यंत पंधरा जाती उरतात. त्यांतल्या आठ एकीच्या, सहा दुसरीच्या आणि एक अशी, की जी फारशी बदललेलीच नाही. शेंड्यावर कोणी विराजमान नाही. सगळ्या टोकांची उंची एकच. कारण सगळीच आज जिवंत आहेत.

चित्र म्हणून हेकेलचे देखणे. पण खरे डार्विनचे. ते वाचायची रीत अशी : टोकांचा क्रम पाहू नये, फाटे पाहावेत. दोन फांद्या जिथे फुटल्या ती जागा जितकी वरची, तितके नाते जवळचे. फाट्याभोवती फांद्या फिरवून डावीकडची उजवीकडे नेली, तरी नाते तसूभर बदलत नाही. माकड आपला पूर्वज नव्हे, दूरचा चुलतभाऊ, हे एवढ्याने उमगते.

आता ते कारण. काही वर्षांपूर्वी माझ्या चुलतभावाच्या मुलीला बाळंतपणात रक्त लागले. तपासणीत गट आला ‘ओ’. कुलवृत्तांत उघडून आम्ही घराण्यातले ‘ओ’ गटाचे सारे पुरुष जमवले. एकाचेही जुळेना! अखेर कळले, की तिचा गट ‘बॉम्बे’. हा गट 1952 साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतून जगापुढे आणला. साध्या तपासणीत तो ‘ओ’सारखा दिसतो, पण ‘ओ’च्या रक्तात जो ‘एच’ नावाचा घटक असतो, तोही यात नसतो. म्हणून यांना ‘ओ’ही चालत नाही. तिच्या सख्ख्या भावाचे जुळले, आणि पोर वाचली.

पण घरात कुजबुज सुरू झाली : हा दोष सुनेने, म्हणजे मुलीच्या आईने, आणला. कुलवृत्तांतात असले काही नव्हतेच ना!

या कुजबुजीला उत्तर एका गणितज्ञाने 1908 सालीच देऊन ठेवले आहे. रामानुजनला केंब्रिजला बोलावणारा तो हार्डी. प्रबळ गुण हळूहळू सगळीकडे पसरेल आणि दबलेला गुण नाहीसा होईल, असे तेव्हा काहींना वाटे. हार्डीने थोडक्या बीजगणिताने दाखवले, की तसे होत नाही. समाज मोठा असेल, लग्ने त्या गुणाचा विचार न करता होत असतील, बाहेरून भर पडत नसेल आणि निवड वा नवा बदल होत नसेल, तर गुणांचे प्रमाण पिढ्यान् पिढ्या तेच राहते. श्टुटगार्टचे डॉक्टर वाइनबर्ग यांनी त्याच वर्षी तेच स्वतंत्रपणे सांगितले.

हिशेब घरच्या घरी करता येतो. प्रत्येक गुणाच्या आपल्याजवळ दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. मुंबईत हा गट सुमारे दहा हजारांत एकाला असतो असे म्हणतात. म्हणजे शंभर प्रतींत एक प्रत तशी. दोन्ही तशाच पडल्या, तरच गुण उघड होतो. एकच प्रत बाळगणारे मात्र शंभरात जवळजवळ दोन! उघड एक, तर लपलेले सुमारे दोनशे. त्यांच्या रक्ताकडे पाहून कोणाला शंकाही येत नाही.

आणि आपल्याकडे लग्ने कुठे चिठ्ठ्या टाकून होतात? जातीत, ओळखीत आणि पुष्कळदा मामाच्या घरी. सख्ख्या मामे-आतेभावंडांच्या लग्नात हीच शक्यता दहा हजारांत एकावरून सातापर्यंत जाते.

मी ग्रंथ घेऊन काकूकडे गेलो. ती हसून म्हणाली, “माका त्या पुस्तकात खंय शोधतंस बाबू? थंय माजा नुसता नाव आसा, माहेर नाय.”

तेच तर! माझ्या चुलतभावाची बायको ही त्याच्या मामाची मुलगी. सासू आणि सून या आत्या-भाची. ती प्रत काकूच्या माहेरची, दोघींच्या वाटांनी उतरून त्या मुलीत पुन्हा एकत्र आलेली. सुनेने आणली म्हणावे, तर सासूनेही तीच आणली होती. आणि दोष तर कोणाचाच नव्हता. पण वंशवृक्षात दोघी दोन पिढ्यांवर नुसत्या ‘सौ.’ म्हणून उभ्या, मध्ये रेघ नाही. पुरुषांच्या नावांचे ते झाड आहे, रक्ताचे नव्हे. रक्ताचे काढले असते तर फांद्या वर जाऊन पुन्हा एकमेकींना मिळाल्या असत्या.

आमच्या सड्यावर हापूसची कलमे आहेत. प्रत्येक कलम दुसऱ्याची हुबेहूब नक्कल. म्हणून फळाची खात्री. कोय लावली तर हापूस येत नाही, काहीतरी निराळेच उगवते. कुलवृत्तांतकारांना घराणे कलमांचे हवे होते. आपण सगळे रायवळ आहोत. आणि त्यात वाईट काही नाही.

नवी आवृत्ती निघते आहे असे ऐकतो. माझी सूचना एकच : प्रत्येक सुनेचे माहेर छापावे आणि प्रत्येक लेकीची मुले. पाने वाढतील, शेंड्यावरची सोनेरी चौकट कदाचित मावणार नाही. तोवर माझ्या प्रतीत मी काकू आणि सून यांच्यामध्ये पेन्सिलीने एक रेघ ओढून ठेवली आहे.